एक्केचाळीस झाडांचे जगूनाना

"उतर! आधी खाली उतर! नाहीतर मी वर येतो, आणि मी वर आलो तर तुला उतरायला फांदी ठेवणार नाही!"

वटार गावच्या त्या बावखलाच्या काठावर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ओरडणाऱ्याचं वय होतं पंचाहत्तर, उंची जेमतेम सव्वापाच फूट, वजन केळीच्या एका चांगल्या घडाएवढं, आणि आवाज मात्र देवानं चुकून एखाद्या आगबोटीचा बसवलेला. त्या ओरडण्यानं अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील उठून बसले म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पण आजवर कुणी खोडून काढलेलं नाही.

वर, आंब्याच्या बेचक्यात, एक माणूस पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन बसला होता. तो बिचारा कुठून तरी लांबून पोटासाठी आलेला. "चाचा, दूर हटो ना," तो काकुळतीनं म्हणाला, "मशीन चालू है."

"तुझी चालू आहे तशी माझीपण चालू आहे." खाकी हाफपँट आणि भोकाभोकांचं बनियन घातलेल्या त्या म्हाताऱ्यानं बुंध्याला पाठ लावली. "बघूया कुणाचं पेट्रोल आधी संपतं."

करवतीचं संपलं.

हे जगूनाना राऊत. केळीची वाडी, थोडी पानवेल, चार ओळी मोगरा आणि उरलेला सगळा तिरस्कार, एवढी त्यांची इस्टेट. त्यातला मोगरा दादरला जायचा. तिरस्कार ते जागेवरच वाटून टाकायचे, फुकट, जात-पात-पक्ष न बघता.

मी तिथे पोचलो होतो एका टँकरचा पाठलाग करत. नायगावला आमचा टॉवर आहे. नाव आहे काहीतरी 'ग्रीन' आणि काहीतरी 'व्हॅली'. त्यातली व्हॅली म्हणजे लिफ्टचा खड्डा आणि ग्रीन म्हणजे त्यात साचलेलं पाणी. नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, कळवून येत नाही आणि आलं तरी बसत नाही. मग टँकर. एका उन्हाळ्यात टँकरचं पाणी चहाच्या रंगाचं यायला लागलं आणि मीटिंगमध्ये ठरलं, की सेक्रेटरीनं, म्हणजे मी, हे पाणी येतं कुठून ते बघून यावं. मी स्कूटर काढली आणि टँकरच्या मागे निघालो. टँकर थांबला तो थेट वटारला, जगूनानांच्या शेजारच्या विहिरीवर.

करवतवाल्याला खाली उतरवून झाल्यावर नानांची नजर माझ्यावर आली.

"तू कोण रे?"

"मी नायगावहून. त्या टँकरच्या..."

"कितवा मजला?"

"सातवा."

"म्हणजे कुंडीतला." त्यांनी निकाल दिला. त्या दिवसापासून मी कुंडी. पुढं सहा वर्षं माझं नाव, आडनाव, शिक्षण, हुद्दा सगळं या एका शब्दात बसलं. माझ्या बायकोला ते 'कुंडीवहिनी' म्हणत, आणि ती रागावण्याऐवजी लाजायची, हे मला अजून समजलेलं नाही.

माणसांची प्रतवारी नाना झाडांवरून करत. भराभर वाढणारा, फळ न देणारा, वाऱ्यानं पडणारा माणूस म्हणजे सुबाभूळ. दिसायला देखणा, आतून नुसता काटा, तो 'निवडुंग, तोही प्लास्टिकचा'. स्थानिक पुढारी बंट्यादादा हे गाजरगवत होते: 'कुणी पेरलं नाही तरी सगळीकडे.' आणि आयुष्यात फार थोड्यांना मिळालेली सर्वोच्च पदवी म्हणजे रायवळ. आंब्यातला रायवळ. नाव नाही, कलम नाही, बाजारात भाव नाही, पण शंभर वर्षं उभा आणि दरसाल देतो. ही पदवी त्यांनी माझ्यादेखत एकदाच दिली. ती मला नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

टॉवरमधल्या लोकांना बावखल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. जुन्या लोकांनी वाडीत खणलेलं हे गोड्या पाण्याचं तळं. पावसात भरतं, वर्षभर वाड्यांना पुरतं, आणि आजूबाजूच्या विहिरींना आतून पाझर देतं. काठाला जुनी झाडं दाट राखायची. ती सावली देतात, काठ ढासळू देत नाहीत. समुद्र हाकेच्या अंतरावर, जमिनीखाली सगळं खारं. "गोडं पाणी म्हणजे खाऱ्यावर धरलेली साय," नाना सांगत. "झाडं होती म्हणून धरली. तुम्ही टँकर लावून ती चाटताय. साय संपली की खाली काय लागतं ते बघायला मी नसेन, पण तुमची तोंडं बघायला मला आवडलं असतं."

बावखलाचे सात वाटेकरी. दर वैशाखात सातही घरांनी मिळून गाळ उपसायचा आणि तो गाळ केळीच्या बुंध्यांना घालायचा, अशी जुनी रीत. हळूहळू घरं पांगली. कुणी बोरिवलीला, कुणी दुबईला. शेवटी सातांपैकी पाच वाटेकऱ्यांनी आपले वाटे राजूशेठ नावाच्या बिल्डरला विकले. सहावा ना विकत होता ना उपसत होता. सातवे नाना. राजूशेठला बावखल बुजवून तिथे इमारत उभी करायची होती. तिचं नाव फलकावर आधीच लागलं होतं: 'लेक व्ह्यू'. तळं बुजवून तळ्याचा देखावा विकणं याला जी निगरगट्ट प्रतिभा लागते, ती राजूशेठकडे होती. नाना त्या फलकाखाली रोज सकाळी उभे राहून चूळ भरत.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. नलूकाकी. नानांची बायको. नानांनी शंभर वाक्यं बोलायची आणि काकींनी एक, असा त्या घरातला करार होता. आणि वजन केलं तर काकींचं पारडं खाली जायचं. काकी शब्द असे काढायच्या, जसे काही प्रत्येकामागे रेशनकार्डावर शिक्का पडतो. एकदा नाना तासभर सरकारवर कडाडत होते. काकी आतून आल्या, म्हणाल्या, "दूध उतू गेलं," आणि आत गेल्या. सरकार तिथेच वाचलं.

नानांच्या खांद्याला कायम एक काचेची बाटली, सुतळीनं बांधलेली. तिच्यात बावखलाचं पाणी, फडक्यातून गाळलेलं. कुठलाही साहेब समोर आला की नाना बाटली पुढं करायचे.

"पी."

"नको नको, माझ्याकडे आहे," म्हणत साहेब बॅगेतली सीलबंद बाटली चाचपायचे.

"पीत नाहीस? मग सहीसुद्धा करू नकोस. ज्याचं पाणी पिववत नाही त्याच्या पाण्यावर सही कशी करवते रे तुला?"

सहा वर्षांत मी अठरा साहेब मोजले. कुणी प्यायलं नाही. एकानं हात धुतले, त्याला नानांनी तिथल्या तिथे शेवाळ म्हटलं.

पर्यावरणाच्या दिवशी महापालिकेच्या कचेरीनं वृक्षारोपण ठेवलं. मांडव, गुच्छ, खड्डा तयार, आणि खड्ड्याभोवती रांगोळी. पाहुणे रोप हातात घेऊन फोटोसाठी हसत होते. नाना गर्दीतून घुसले, पाहुण्यांच्या नाकासमोर बोट नेलं.

"हे काय आहे?"

"रोप," पाहुणे म्हणाले.

"कसलं?"

पाहुण्यांनी रोपाकडे पाहिलं, सचिवाकडे पाहिलं, मग पुन्हा रोपाकडे. "हिरवं."

नानांनी टाळ्या वाजवल्या. एकटेच वाजवत राहिले, पूर्ण पाच मिनिटं, वाद्यवृंद थांबेपर्यंत. वाद्यवृंद होता की नव्हता हे मला आता आठवत नाही. पण असला तर थांबला असता.

हे झालं शत्रूंचं. आपल्या माणसांना नाना जास्त झोडत. आम्ही टॉवरवाल्यांनी 'झाडे वाचवा मंच' काढला. व्हॉट्सॲपवर दोनशे जण, वटारला प्रत्यक्ष आले अकरा, त्यातले चार गाडी पार्क करायला गेले ते परत आले नाहीत. उरलेल्या सातांनी मोठा फ्लेक्स आणला होता, 'प्रत्येक झाड जिवंत आहे', आणि तो लावण्यासाठी आमच्या अध्यक्षांनी चिंचेच्या बुंध्यात दणादण खिळे ठोकायला सुरुवात केली. पहिल्या खिळ्याला नाना वाडीत होते. दुसऱ्या खिळ्याला अध्यक्षांच्या शेजारी होते. मधलं अंतर ते कसे आले, विज्ञानाला ठाऊक.

"हातोडी इकडे दे."

अध्यक्षांनी दिली.

"आता कान पुढं कर."

"नाना, अहो..."

"जिवंत आहेस ना तू? तुझ्याच फ्लेक्सवर लिहिलंय, जिवंत आहे. मग बघूया कानात खिळा कसा जातो."

अध्यक्षांचा कान वाचला, पण मंच त्या दिवशी निम्मा गळाला. नानांनी खिळे पक्कडीनं काढले, भोकांत ओली माती भरली आणि तो फ्लेक्स शेणखतावर झाकण म्हणून घातला. "पहिल्यांदाच कामाला आला," म्हणाले.

आता ती चूक. ती आमचीच चूक, म्हणून ती मी नीट सांगतो, फुगवत नाही. जवळजवळ नाहीच.

झाडं तोडण्याआधी कचेरीनं झाडावर नोटीस लावायची असते. सात दिवसांत लोकांनी हरकत घ्यायची. ही नोटीस लावली होती विजेच्या रोहित्राच्या मागच्या अंगाला, जिथं फक्त कुत्री वाचायला जातात. ती सापडली नलूकाकींना, शेळी शोधताना. त्यांनी ती सोलून आणली, नानांच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "तुमचं आलंय."

नोटिशीत लिहिलं होतं: 'बावखलालगतची काही झुडपे.'

"झुडपे!" नाना ओरडले. भिंतीवरचं घड्याळ तेव्हापासून पाच मिनिटं पुढं आहे. "आमच्या आजोबांनी ज्याच्या सावलीत लग्न लावलं तो वड झुडूप? कुंडी, ह्यांना मोजता येत नाही. आपण मोजून देऊ. यादी देऊ. प्रत्येक झाडाचं नाव, घेर, वय. वाचून लाज वाटेल अशी यादी."

मला तेव्हा ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

दोन दिवस आम्ही मोजत होतो. पांढऱ्या ऑइलपेंटनं नानांनी प्रत्येक बुंध्यावर आकडा घातला, एकपासून एक्केचाळीसपर्यंत, शाळेतल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवावा तसा हात ठेवून. मोजायची टेप वडाला पुरेना, म्हणून काकींचं जुनं नऊवारी आणलं. वड भरला दीड लुगडं. चिंच पाऊण. सत्तावीस नंबरला होता बावखलाच्या अगदी कडेचा उंबर, आतून पोकळ, पाण्यावर ओणवा झालेला. मी वहीत शेरा लिहिला: 'वाकलेला.'

"वाकलाय कशामुळे ते लिही," नाना म्हणाले. "पाणी बघतोय तो. मीही वाकलोय, मलाही काप." मग उंबराच्या पोकळीत हात घालून, आतलं कुजलेलं पान बाहेर काढत म्हणाले, "मेलो की माझी राख समुद्रात नेऊ नका. तिथं आधीच मीठ फार आहे. ह्याच्यात भरा. तेवढीच भर होईल."

काकी लुगड्याची घडी घालत होत्या. "बघू," म्हणाल्या.

लुगड्यांचे मी सेंटिमीटर केले. कॉम्प्युटरवर सुबक तक्ता केला: अनुक्रमांक, जात, घेर, उंची, शेरा. वर एक पान हरकतीचं, त्यात नानांची भाषा निवळून घातलेली. खाली जोडलं 'परिशिष्ट अ'. मी इतका खूश होतो, की त्याला पारदर्शक कव्हर घातलं. नानांनी जाऊन ते कचेरीत दिलं, पोच घेतली, आणि पोच देणाऱ्या कारकुनाला बाटली पुढं केली. तो म्हणाला, उपास आहे.

तीन आठवड्यांनी आदेश आला. 'परिशिष्ट अ मधील अनुक्रमांक १ ते ४१ हे वृक्ष तोडण्यास परवानगी देण्यात येत आहे.' मागे परिशिष्ट जोडलेलं होतं. माझंच. तेच रकाने, तीच अक्षरं, सत्तावीससमोर 'वाकलेला' आणि त्याच्यापुढं कुणीतरी पेनानं जोडलेलं: 'सबब धोकादायक.' फक्त वरचं पान काढलं होतं. हरकतीचं वरचं पान काढलं, की खाली परवानगी उरते, हे मला पन्नासाव्या वर्षी समजलं.

आम्ही कचेरीत गेलो. कारकून प्रसन्न होता. "बरं झालं काका तुम्ही यादी दिलीत. यादी नव्हती म्हणून राजूशेठची फाईल वर्षभर अडकली होती. आमच्याकडे माणसं कुठायत मोजायला? साहेबांनी तर खास कौतुक केलं, म्हणाले, अशी यादी आपल्या स्टाफला जमत नाही."

मी नानांकडे पाहिलं. छत उडेल म्हणून आधीच डोक्यावर हात धरला. पण नाना ओरडले नाहीत. त्यांनी तो तक्ता डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"कुंडी," ते हळू म्हणाले, "टायपिंग छान झालंय."

सहा वर्षांत त्यांनी मला दिलेल्या सगळ्या शिव्या एका पारड्यात आणि हे वाक्य दुसऱ्यात.

तोडायला येणार होते गुरुवारी. बुधवारी दुपारी एक वाजता, जेव्हा वटार जेवून झोपतं आणि जागं राहणं हा गुन्हा समजतात, नाना डबा आणि ब्रश घेऊन बाहेर पडले. आधी त्यांनी नारळाच्या करवंटीनं एकेका बुंध्यावरचा आकडा खरवडून काढला, साल न दुखवता. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "तू नको. तुझं काम नीट होतं." चाळीस आकडे पुसले. सत्तावीसाशी आले तेव्हा काकी काठावर उभ्या होत्या.

"तो राहू दे," काकी म्हणाल्या.

का, ते विचारायची हिंमत नानांची झाली नाही, तर माझी कुठून होणार?

मग नानांनी ते चाळीस आकडे गावभर वाटले. एक नंबर, आंबा, गेला रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर. चार नंबर, वड, घेर दीड लुगडं, गेला सार्वजनिक संडासाच्या दारावर. 'लेक व्ह्यू'चा फलक झाला अकरा. बारा नंबर आमच्या टँकरच्या पाठीवर गेला आणि त्याच संध्याकाळी नायगावला आमच्या गेटात येऊन उभा राहिला. नऊ नंबर एका म्हशीला मिळाला, आणि ती होळी बाजारातल्या भाजीवाल्यांकडे मुळ्याची पानं खाताना सापडली. बंट्यादादांच्या बंगल्याच्या फाटकातला हौसेचा शोभेचा माड झाला एकोणीस. भर उन्हात, भर रस्त्यात, आणि बघणारं कुणी नाही. पुढं चौकशीत सगळ्यांनी एकच जबाब दिला: झोपलो होतो. खरंच झोपले होते. वटारच्या दुपारच्या झोपेवर मी तेव्हापासून टीका करत नाही.

गुरुवारी राजूशेठ स्वतः आले. बरोबर मुकादम, दोन करवतवाले, एक ट्रक. मुकादम नियमाचा माणूस होता. त्याच्या हातात माझा तक्ता.

"अनुक्रमांक एक," मुकादम मोठ्यानं वाचू लागला, "आंबा, घेर दोनशे दहा." आणि सगळे जाऊन दिव्याच्या खांबापुढं उभे राहिले.

"हा आंबा आहे?" राजूशेठ म्हणाले.

"नंबर एक हाच आहे, शेठ."

"अरे येड्या, खांब दिसत नाही का तुला? ती समोरची झाडं काप ना!"

"शेठ, त्यांच्यावर नंबर नाही. ऑर्डरमध्ये 'अनुक्रमांकानुसार' लिहिलंय. बिननंबरी कापलं तर केस माझ्यावर. तुमच्यावर नाही, माझ्यावर."

चार नंबरला संडासाच्या आतून कुणीतरी "थांबा, थांबा" ओरडलं. एकोणीस नंबरला बंट्यादादा लुंगीवर बाहेर आले आणि स्वतःच्या माडाशेजारी करवत बघून त्यांनी जे भाषण केलं, ते त्यांच्या सगळ्या प्रचारसभांपेक्षा मनापासूनचं होतं. झाड म्हणजे काय, ते किती वर्षांत वाढतं, त्याच्याशी माणसाचा जीव कसा जडतो, सगळं बोलले. नाना ऐकत उभे होते. "बघ," मला म्हणाले, "गाजरगवताला फूल आलं."

राजूशेठ आवाज मऊ करून नानांकडे वळले. "नाना, टेन्शन कशाला घेता? एकाला दोन झाडं लावून देऊ. विथ ट्री गार्ड."

"आईबाप मारून दोन बाहुल्या देतोस?"

शेवटी गावात फक्त एकच नंबर जागेवर सापडला. सत्तावीस. सगळे तिकडे धावले. पण तोवर नाना उंबराच्या पोकळीत जाऊन बसले होते, मांडी घालून, हातात सुकेळी. सुकवलेली ती केळी ते इतक्या सावकाश चावत होते, की ट्रकवाल्याला जांभया यायला लागल्या.

करवतवाला पुढं आला. पहिल्या दिवशी आंब्यावर चढलेला तोच. त्यानं नानांना ओळखलं, नानांनी त्याला. ऊन डोक्यावर होतं. त्यानं करवत जमिनीवर ठेवली.

"चाचा, पानी है?"

नानांनी बाटली दिली. सवयीनं ते "पी" म्हणायला गेले, पण त्याआधीच त्यानं ती तोंडाला लावली होती. घटाघटा सगळी संपवली. तळाला राहिलेलं बोटभर पाणी तोंडावर मारलं.

"मीठा है," तो म्हणाला.

अठरा साहेब झाले होते. हा पहिला. नानांनी रिकामी बाटली उलटी करून बघितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा रायवळ."

रायवळानं राजूशेठना सांगितलं, की झाडात माणूस आहे, माणूस बाहेर आला की तो कापेल. माणूस सहा वाजेपर्यंत बाहेर आला नाही. काकी दोनदा जेवण देऊन गेल्या. करवतवाल्यालाही दिलं. मुकादमानं शेरा लिहिला: 'एक्केचाळीसपैकी एकच अनुक्रमांक जागेवर आढळला व त्यात अर्जदार आढळले.' फाईल फेरतपासणीसाठी परत गेली. झाडं उभी राहिली. कायद्यानं नाही, मंचानं नाही, मुकादमाच्या भित्रेपणानं आणि एका ऑइलपेंटच्या डब्यानं. मंचानं विजयाचा केक कापला. नानांना बोलावलं होतं. ते आले, केकवर आयसिंगचं हिरवं झाड होतं ते पाहिलं, सुरी बघितली, आणि परत गेले.

फेरतपासणी म्हणजे साहेबांनी येऊन, अर्जदारासमक्ष, झाडं नव्यानं मोजायची. नानांनी त्यासाठी चौदा स्मरणपत्रं दिली. सगळी मीच टाइप केली, पण तक्ता कधी जोडला नाही. दरवेळी उत्तर यायचं: 'यथावकाश.' ह्या शब्दाला नाना बांडगूळ म्हणायचे. "दुसऱ्याच्या वेळेवर जगतं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वैशाखात. बावखल आटून मध्यावर आलं होतं. सात घरांचा गाळ एकटे काढत होते, कमरेपर्यंत चिखलात, घमेलं डोक्यावर, आणि काठावरच्या एका बेडकाला दरडावत होते: "बघत काय बसलास? तुझंपण घर आहे ना!" मी काठावरून हाक मारली. त्यांनी मान वर केली.

"उतर," म्हणाले.

माझे बूट नवे होते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो.

रविवार यायच्या आत, एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. वटारच्या वेळेलाच गेले. उपसलेला गाळ काठावर ओला होता. दहनानंतर पुतण्या राखेचा कलश घेऊन समुद्राकडे निघाला, तर काकींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. कुठे ठेवला, कुणी विचारलं नाही. काकींना कोण विचारणार?

आणि मग, यथावकाश, साहेब आले. नानांना जाऊन तीन महिने झाले होते, बावखल काठोकाठ भरलं होतं. हातात टॅब, बरोबर दोन मदतनीस, छत्री धरायला तिसरा. थोडं लांब राजूशेठची गाडी, काच खाली, इंजिन चालू. साहेब काठावर आले, चिखल बघून दोन पावलं मागं गेले आणि टॅबवर बोट फिरवत त्यांनी वाचलं: अर्जदार, जगन्नाथ राऊत. "अर्जदार हजर आहेत का? नियम असा आहे, की अर्जदार गैरहजर असेल तर हरकत निकाली निघते आणि जुनी परवानगी लागू होते."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो कुणास ठाऊक; बहुतेक 'कै.' लावून काहीतरी. तेवढ्यात नलूकाकी पुढं आल्या. सुतळीनं बांधलेली ती काचेची बाटली, भरलेली, त्यांनी साहेबांच्या टॅबशेजारी धरली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एकोणिसावे.

"आजी, मी विचारतोय, अर्जदार हजर आहेत का?"

"आहेत," काकी म्हणाल्या. "सत्तावीस नंबरला."